आयफोन १३ मिनी : ज्यांचा एक हात कायम गुंतलेला असतो त्यांच्यासाठी

सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ची मालिका बाजारात आली, त्याच वेळी ॲपलने आयफोन १३ मिनी आपल्या विक्रीच्या यादीतून काढून टाकला. त्यानंतर या कंपनीने त्या आकाराचा फोन पुन्हा काढलेला नाही आणि अँड्रॉइडच्या बाजूलाही तितका अरुंद, तरीही पूर्ण ताकदीचा फोन आपल्याकडच्या दुकानांत सहजी सापडत नाही. मग बंद झालेल्या फोनचे परीक्षण आता कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या किनारी भागात हा फोन किंवा असाच एखादा लहान फोन जपून वापरणारी माणसे मला वरचेवर भेटतात. दुकानदार त्यांना त्याच पैशांत मोठा फोन देऊ करतो, घरातली मुले मोठ्यासाठी हट्ट धरतात, तरीही ती माणसे हातातला फोन सोडायला तयार नसतात. मीही त्यांच्यापैकीच आहे. हा फोन मी वापरलेल्या अवस्थेत घेतला आणि आंब्याच्या हंगामातही पावसाळ्यातही तोच माझ्याजवळ असतो. या पसंतीमागे काय आहे ते नीट मांडावे आणि हा फोन आज कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये, हे स्पष्ट सांगावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

आधी मापे पाहू, कारण फोनच्या आकाराविषयीच्या चर्चेत सर्वाधिक गोंधळ मापांचाच होतो. जाहिरातीत पडद्याचे जे इंच छापलेले असतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे, म्हणजे कर्णाचे असतात. सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी नोट २०११ साली आला तेव्हा त्याचा ५.३ इंची पडदा लोकांना अवाढव्य वाटला होता. त्यानंतर दहा वर्षांनी आलेल्या १३ मिनीचा पडदा ५.४ इंचांचा, म्हणजे कागदावर नोटपेक्षा मोठा आहे, आणि तरीही त्याच्या नावातच 'मिनी' आहे. याचा उलगडा रुंदीत होतो. नोटची रुंदी सुमारे ८३ मिलिमीटर होती, १३ मिनीची ६४.२ मिलिमीटर आहे. मधल्या काळात पडदे उंच आणि अरुंद होत गेले, कडांच्या चौकटी जवळजवळ नाहीशा झाल्या, त्यामुळे तेवढाच कर्ण बऱ्याच लहान अंगात बसू लागला. म्हणून फोन निवडताना इंच विचारण्याऐवजी रुंदी आणि वजन विचारावे, असे माझे ठाम मत आहे. १३ मिनी १३१.५ मिलिमीटर उंच, ७.६५ मिलिमीटर जाड आणि साधारण १४० ग्रॅम वजनाचा आहे. त्याचाच सख्खा भाऊ असलेला आयफोन १३ हा ७१.५ मिलिमीटर रुंद आणि १७० ग्रॅमहून थोडा जड आहे, तर त्याच मालिकेतला प्रो मॅक्स ७८ मिलिमीटर रुंद असून त्याचे वजन जवळपास २४० ग्रॅम भरते.

६४ आणि ७१ यांमधला सात मिलिमीटरांचा फरक ऐकताना क्षुल्लक वाटतो, पण हाताला तो क्षुल्लक नसतो. एका हातात फोन धरला की चार बोटे मागून आणि कडेने त्याला आधार देतात आणि अंगठा एकटा सगळे काम करतो. फोनची रुंदी वाढली की मागची बोटे जास्त फाकतात, तळहात उघडा पडतो आणि अंगठ्याचे मूळ कडेपासून मागे सरकते; म्हणजे पडदा मोठा होत असतानाच अंगठ्याची पोहोच मात्र कमी होते. समोरच्या वरच्या कोपऱ्यातले बटण दाबायचे तर फोन तळहातावर सरकवावा लागतो, आणि फोन हातून निसटतो तो बहुधा याच क्षणी. उंच फोनचा गुरुत्वमध्यही पकडीच्या बराच वर असतो, त्यामुळे तो पुढे कलू लागतो आणि करंगळी खाली टेकू म्हणून लावावी लागते. १३ मिनीच्या बाबतीत असे होत नाही. माझा हात मध्यम आकाराचा आहे आणि अंगठा डाव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पकड न बदलता पोहोचतो. खरेदीपूर्वी वाचलेल्या कोणत्याही वैशिष्ट्यापेक्षा ही एक गोष्ट मला रोज जास्त उपयोगी पडते.

स्टीव्हन हूबर या अभ्यासकाने २०१३ साली सार्वजनिक ठिकाणी लोक फोन कसा धरतात याची १,३३३ निरीक्षणे नोंदवली होती आणि फोन हाताळताना दिसलेल्यांपैकी ४९ टक्के लोक तो एकाच हाताने वापरत होते. तेव्हाचे फोन आजच्यापेक्षा लहान होते हे खरे. पण त्यातून एवढे दिसते की फोन एका हातात मावत होता तेव्हा जवळजवळ निम्म्या माणसांना दुसरा हात लावावासा वाटत नव्हता. पुढे फोन वाढले तसे उत्पादकांनाच उपाय शोधावे लागले. २०१४ मध्ये आयफोन ६ बरोबर ॲपलने पडद्याचा वरचा भाग अंगठ्याजवळ खाली ओढण्याची सोय दिली आणि अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीत एका हाताने वापरण्याची वेगळी पद्धत आली. या सोयी मी दुसऱ्या फोनांवर वापरून पाहिल्या आहेत. त्या काम करतात, पण दर वेळी आधी एक हालचाल करून मग हवी ती हालचाल करावी लागते, आणि ज्याला घाई आहे त्याच्या ते अंगवळणी पडत नाही.

आता कोकणाकडे वळतो, कारण माझ्या मते लहान फोनची खरी बाजू इथल्या रोजच्या जगण्यात दिसते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर या काळात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे वर्षाचे चार महिने घराबाहेर पडलेल्या माणसाचा एक हात छत्रीला बांधलेला असतो. एसटीत उभे राहून प्रवास करताना एक हात वरच्या दांड्यावर असतो, आणि घाटातल्या वळणांवर तो सोडता येत नाही. जयगड ते तवसाळ किंवा दाभोळ ते धोपावे या फेरीबोटीवर दुचाकी चढवली की खाडी पार होईपर्यंत एक हात गाडीवर ठेवावा लागतो. बागेत कलमावर चढलेला गडी एका हाताने फांदी धरतो. खाली उभा असलेला माणूस झेला, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, सांभाळतो. आंबा काढताना देठातून उडणारा चीक कातडी भाजतो आणि तो काचेवर लागला की लवकर निघत नाही, म्हणून काढणीच्या वेळी एक हात स्वच्छ राखण्याची आमच्याकडे रीतच आहे. त्याच वेळी वाशीच्या बाजारातून दलालाचा फोन येतो, किती पेट्या भरणार आणि गाडी कधी सुटणार हे विचारायला, आणि तो उचलण्यासाठी, भाव ऐकून घेण्यासाठी, पेट्यांच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढून पाठवण्यासाठी तो एकच स्वच्छ हात असतो. हे काम १३ मिनीवर सरळ होते. त्याच जागी प्रो मॅक्सएवढा फोन असेल तर काम थांबवून, हात पुसून, दोन्ही हातांत फोन घ्यावा लागतो, आणि हंगामाच्या ऐन भरात ते जमत नाही.

बंदरावरही हेच दिसते. नौकेवर चढता-उतरताना, दोर ओढताना, डोलणाऱ्या फळीवर उभे असताना दोन्ही हात फोनला देणे धोक्याचे असते, म्हणून कित्येक खलाशी जुना लहान फोन किंवा साधा बटणांचा फोन खिशात ठेवतात आणि मोठा फोन घरी. मासळी विकणाऱ्या बायकांचे म्हणणे तर मला सर्वांत पटणारे वाटते. पैसे कनवटीला किंवा कमरेच्या बटव्यात, हाताला पाणी आणि खवले, समोर गिऱ्हाईक, आणि आता निम्मे गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देणारे. पैसे जमा झाले की नाही हे दर वेळी पाहावे लागते आणि तेवढ्यासाठी फोन बटव्यातून काढून पुन्हा बटव्यात जायला हवा. बटव्यात न मावणारा फोन टोपलीच्या कडेला ठेवला जातो आणि तिथे तो भिजतो. बायकांच्या हाताचा पंजा सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा लहान असतो, साडीला खिसा नसतो, पंजाबी ड्रेसला असला तरी उथळ असतो. असे असूनही फोनचा आकार ठरवताना या निम्म्या गिऱ्हाइकांचा विचार होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खिशाचा मुद्दा पुरुषांनाही लागू आहे. सदऱ्याच्या वरच्या खिशात सहा-पावणेसात इंची फोन ठेवला की तो खिशाच्या वर डोकावतो, आणि विहिरीवरच्या पंपाशी, गोठ्यात किंवा होडीच्या काठावर माणूस वाकला की फोन आधी खाली जातो. १३ मिनी त्याच खिशात पूर्ण आत बसतो आणि पावसाळ्यात त्यावर चढवायची प्लास्टिकची पिशवीसुद्धा त्याच्यासकट खिशात मावते. पँटच्या खिशात ठेवून दुचाकीवर बसले तरी मांडीला टोचत नाही.

हा फोन चेहरा पाहून उघडतो, बोटाचा ठसा घेत नाही. घेण्यापूर्वी मला ही उणीव वाटत होती, पण आता आमच्या हवामानात तो गुण वाटतो. ओल्या बोटाचा ठसा यंत्राला नीट वाचता येत नाही, आणि पावसाळ्यात किंवा मासळीच्या कामात बोट कोरडे कधी नसतेच. मार्च २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १५.४ या ॲपलच्या प्रणालीच्या आवृत्तीपासून आयफोन १२ आणि नंतरचे फोन मुखपट्टी असतानाही चेहरा ओळखतात. कीटकनाशकाची फवारणी करताना तोंडाला पट्टी लावावी लागते तेव्हा ही सोय फार उपयोगी ठरते. ओल्या पडद्याचा प्रश्न मात्र या फोनवरही कायम आहे. पडद्यावर पाण्याचे थेंब असले की स्पर्श ओळखणारी यंत्रणा थेंबालाच बोट समजते आणि भलत्याच ठिकाणी दाबले जाते. तो प्रश्न सर्वच फोनांचा आहे. फक्त लहान पडदा सदऱ्याला एकदा घासला की पुसून होतो.

कामगिरीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ए१५ बायोनिक ही चिप आजही नित्याच्या कामांना भरपूर पुरते आणि २०२५ मध्ये आलेली आयओएस २६ ही आवृत्ती या फोनवर चालते. मागे १२ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे आहेत. मुख्य कॅमेऱ्यात हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आहे, त्यामुळे एका हाताने घाईत काढलेले छायाचित्रही सहसा हलत नाही. दूरचे जवळ आणणारे भिंग नाही. पडदा सेकंदाला ६० वेळाच ताजा होतो, नव्या फोनांत १२० वेळा होतो; ज्याला तो फरक दिसतो त्याला दिसेल, मला कामात जाणवला नाही. उन्हातली वाचनीयता हा मात्र आमच्याकडे महत्त्वाचा विषय आहे. कंपनी या पडद्याची नेहमीची कमाल प्रखरता ८०० निट्स सांगते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी वाळूवर किंवा सड्यावर कातळात उभे राहिले की ती अपुरी पडते. आजचे चांगले फोन याहून पुष्कळ अधिक उजळतात, तेव्हा या बाबतीत १३ मिनी मागे पडला आहे हे मान्य करायला हवे. शिवाय लहान अंगाला उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभागही कमी मिळतो, त्यामुळे उन्हात सलग व्हिडिओ काढू पाहणाऱ्याने अशा आकाराच्या फोनकडून फार अपेक्षा ठेवू नये.

लहान पडदा वाचनाला त्रासदायक असतो, ही तक्रार खरी आहे आणि ती टाळून लहान फोनची बाजू मांडणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सातबाराचा उतारा हे त्याचे उत्तम उदाहरण. तो आडव्या रकान्यांत छापलेला असतो, आणि या फोनवर तो वाचायचा तर मोठा करून डावीकडून उजवीकडे सरकवत राहावे लागते. कुळ, खातेदार आणि इतर हक्क यांचे रकाने एकाच वेळी डोळ्यांसमोर येत नाहीत. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने शेतात उभे राहून ॲपमध्ये पिकाची नोंद करायची आणि छायाचित्र जोडायचे असते. त्यातले छायाचित्राचे काम लहान फोनवर सोपे जाते, पण गट क्रमांक, क्षेत्र आणि पिकाचे नाव निवडण्याचे बारीक रकाने चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना जड जातात. अक्षरे मोठी करण्याची सोय फोनमध्ये आहे आणि ती मी वापरतो. पण अक्षर मोठे केले की एका पडद्यावर मावणाऱ्या ओळी कमी होतात आणि काही ॲपांत बटणे एकमेकांवर चढतात. ज्यांची नजर अधू झाली आहे अशा वडीलधाऱ्यांना मी हा फोन सुचवत नाही. त्यांच्या दृष्टीने मोठा पडदा ही गरज आहे, आणि त्या गरजेचा मान राखायला हवा.

मराठी टंकलेखनाविषयी वेगळे सांगायला हवे, कारण इंग्रजी परीक्षणांत हा मुद्दा येणार नाही. या फोनचा पडदा सुमारे ५८ मिलिमीटर रुंद आहे. इंग्रजी कीबोर्डच्या ओळीत दहा कळा असतात, म्हणजे एका कळीच्या वाट्याला सहा मिलिमीटरहूनही कमी जागा येते. देवनागरीत स्वर, त्यांच्या मात्रा, व्यंजने, अनुस्वार आणि हलन्त चिन्ह एवढे सगळे बसवायचे असल्याने ओळीतल्या कळा वाढतात आणि प्रत्येक कळ आणखी अरुंद होते. 'कर्ज' आणि 'क्षेत्र' असे जोडाक्षरांचे शब्द लिहिताना शेजारच्या कळीवर बोट जाते आणि शब्द पुन्हा लिहावा लागतो. दोन-चार ओळींचा निरोप मी यावर बिनदिक्कत लिहितो, पण अर्ज किंवा लांबलचक पत्र लिहायला बसत नाही. जी व्यक्ती दिवसभर मराठीत लिहिते, उदाहरणार्थ एखाद्या पतसंस्थेचे किंवा ग्रामपंचायतीचे निरोप चालवणारी, तिला किमान ७० मिलिमीटर रुंदीचा फोन सोयीचा जाईल.

बॅटरी हा या आकाराचा सर्वांत मोठा कच्चा दुवा आहे, आणि कोकणात तो इतर ठिकाणांपेक्षा जास्त बोचतो. लहान अंगात लहानच बॅटरी बसते. फोन उघडून पाहणाऱ्यांनी १३ मिनीची बॅटरी सुमारे २,४०० मिलीअँपिअर-तासांची मोजली आहे. कंपनीचे स्वतःचे आकडे घेतले तर सलग व्हिडिओ पाहण्याचा अवधी १३ मिनीसाठी १७ तास, आयफोन १३ साठी १९ तास आणि १३ प्रो मॅक्ससाठी २८ तास सांगितलेला आहे. आकड्यांतला हा फरक प्रत्यक्षात आणखी वाढतो, कारण आमच्या दऱ्याखोऱ्यांत रेंज पुरेशी नसते. मनोरा दूर असला की फोन त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी अधिक शक्तीने लहरी सोडतो, आणि कोकण रेल्वेवर एकामागून एक बोगदे ओलांडताना, विशेषतः करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात, तो पुन्हा पुन्हा मनोरा शोधत राहतो. खिशातच असलेला, कोणी हातही न लावलेला फोन अशा ठिकाणी रिकामा होतो. मोठ्या बॅटरीला हे पेलते, लहान बॅटरीला जड जाते.

त्याहून गंभीर प्रश्न वीज जाण्याचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतली कित्येक गावे अनेक दिवस विजेविना होती, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकले तेव्हा सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतही तीच अवस्था झाली. अशा वेळी फोन हेच एकमेव साधन उरते, आणि त्यात दोन दिवसांचा जीव असणे याला किती मोल आहे ते ज्याने तो काळ काढला त्यालाच कळते. वादळ नसतानाही मृगाच्या पहिल्या सरींबरोबर आमच्याकडे वीज जाते आणि कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की किनाऱ्यावर राहणाऱ्याने १३ मिनी घेतलाच तर त्याच्याबरोबर पॉवर बँक घेणे हा खरेदीचाच भाग समजावा. ती घरी भरून ठेवायची, रोज खिशात वागवायची नाही. तसे केले तर लहान फोनचा सगळा फायदा निघून जाईल. एक गोष्ट मात्र या फोनच्या बाजूने आहे. लहान बॅटरी लवकर भरते. २० वॉटच्या चार्जरवर अर्ध्या तासात पन्नास टक्क्यांपर्यंत, असे कंपनी सांगते. वीज तासाभरासाठी आली आणि गेली, तरी तेवढ्यात फोन वापरण्याजोगा होतो. चार्जर मात्र खोक्यात येत नसे, आणि फोनला लागणारी लाइटनिंगची तार आता घरातल्या इतर बहुतेक उपकरणांना चालत नाही, ही गैरसोय लक्षात ठेवावी.

खाऱ्या हवेविषयी थोडे. फोनला आयपी६८ हे धूळ आणि पाणी रोखण्याचे मानांकन आहे आणि सहा मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे तग धरेल असा दावा आहे. पण या चाचण्या गोड्या पाण्यात, प्रयोगशाळेत होतात. समुद्राच्या पाण्यातले मीठ सुकून छिद्रांत बसते आणि धातूच्या टोकांना गंजवते. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले तर नळाच्या पाण्याने हळूच धुवावे, मऊ कापडाने पुसावे आणि चार्जिंगचे भोक पूर्ण सुकल्याशिवाय तार लावू नये. वापरलेल्या फोनच्या बाबतीत मूळ सील शाबूत असेल असे गृहीत धरू नये. काचा बदलताना ते सुटते.

दोन सिमकार्डांचा प्रश्नही आमच्याकडे खरा आहे, कारण घरी एका कंपनीची रेंज असते आणि बाजारपेठेत दुसऱ्या. १३ मिनीत एक प्रत्यक्ष सिम आणि एक ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेले, बाहेर काढता न येणारे सिम, एकाच वेळी चालते. बंदरावर किंवा बागेत ज्यांना सिम या फोनातून काढून त्या फोनात घालण्याची सवय आहे, त्यांना ई-सिम अडचणीचे वाटेल.

इतकी माणसे लहान फोन मागत असतील तर कंपन्यांनी तो बंद का केला, याचे उत्तर विक्रीत आहे. २०२० च्या अखेरीस आलेला १२ मिनी आणि त्यानंतरचा १३ मिनी यांचा आयफोनच्या एकूण विक्रीतला वाटा बाजाराची पाहणी करणाऱ्या संस्थांच्या अंदाजानुसार दहा टक्क्यांच्याही खाली राहिला. २०२२ च्या आयफोन १४ मालिकेत मिनीची जागा ६.७ इंची प्लसने घेतली. २०२५ मध्ये आयफोन एअर आला, पण तोही अरुंद करण्याऐवजी पातळ केलेला आहे, जाडी ५.६ मिलिमीटर आणि पडदा ६.५ इंचांचा. आपल्या देशात हे आणखी समजण्यासारखे आहे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि असंख्य घरांत फोन हाच टीव्ही, हीच शाळा आणि हेच दुकान झाले. पावसात डिशचे चित्र गेले की आमच्या घरातही क्रिकेटचा सामना फोनवरच पाहिला जातो, आणि तो चौघांनी पाहायचा तर मोठा पडदाच हवा. त्या गरजेला मी नावे ठेवत नाही. माझे गाऱ्हाणे एवढेच आहे की फोनकडे पाहत बसणारा आणि फोन काढून काम उरकून परत ठेवणारा असे दोन प्रकारचे लोक असताना दुकानात फक्त पहिल्याची सोय उरली आहे. दुसऱ्या प्रकारचा माणूस फोन वरचेवर बदलत नाही, म्हणून विक्रीच्या आकड्यांत तो कमी दिसत असावा, असे मला वाटते.

नव्या फोनांत पर्याय शोधायचा तर आज 'कॉम्पॅक्ट' म्हणून विकले जाणारे फोन हाताने तपासूनच घ्यावेत. असूसने २०२२ मध्ये भारतात आणलेला ८झेड हा ६८.५ मिलिमीटर रुंद आणि १६९ ग्रॅमचा होता आणि त्या मापात तो आपल्याकडे मिळालेला अँड्रॉइडचा शेवटचा समाधानकारक पर्याय होता. पुढे त्या कंपनीनेही २०२४ मध्ये ६.७८ इंची फोनकडे मोर्चा वळवला. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ हा ७०.५ मिलिमीटर रुंद आणि १६२ ग्रॅमचा आहे. रुंदीने तो मिनीच्या जवळ नाही, पण हलका आहे आणि पडदा उन्हात चांगला दिसतो. जून २०२५ मध्ये भारतात आलेला वनप्लस १३एस हा ७१.७ मिलिमीटर रुंद आणि १८५ ग्रॅमचा आहे, म्हणजे आयफोन १३ इतकाच रुंद आणि त्याहून जड. पण बॅटरी बनवण्याच्या नव्या सिलिकॉन-कार्बन पद्धतीमुळे त्यात ५,८५० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी बसली आहे. हे तंत्र एखाद्या उत्पादकाने ६५ मिलिमीटरच्या अंगात आणले तर लहान फोनवरचा सर्वांत मोठा आक्षेप निकालात निघेल, आणि तसा फोन आला तर मी त्यासाठी रांगेत उभा राहीन.

तोपर्यंत माझी शिफारस अशी : बागेत, बंदरावर, बाजारात, दुचाकीवर ज्यांचा दिवस जातो, ज्यांचा हात लहान आहे, आणि जे फोनवर सिनेमे पाहत नाहीत, त्यांनी वापरलेला १३ मिनी अवश्य घ्यावा. ज्यांना दोन दिवस चार्जर मिळणार नाही, ज्यांची नजर थकली आहे किंवा ज्यांच्या घरात तो एकच पडदा आहे, त्यांनी घेऊ नये. घेताना सेटिंग्जमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता पाहावी. या पिढीच्या बॅटऱ्या चार्जिंगच्या ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता टिकवतील अशा बेताने बनवलेल्या आहेत, आणि एवढ्या जुन्या फोनची बॅटरी त्याच्या आसपास किंवा खालीच असणार. म्हणून नव्या बॅटरीचा खर्च किमतीत आधीच धरून मगच सौदा करावा. चार्जिंगच्या भोकात विजेरी मारून हिरवट गंज दिसतो का ते पाहावे, किनाऱ्यावर वापरलेला फोन असेल तर नक्कीच. आणि दुकानात उभे असतानाच एका हातात काहीतरी धरून, दुसऱ्या हाताने एक मराठी निरोप लिहून, एक छायाचित्र काढून आणि एक नंबर लावून बघावा.